लहान खांद्यावर मोठी रॅकेट

पन्हाळा तालुक्यातल्या यवलूजची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विंबल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळली. अशी बातमी वाचली की गारगोटीतल्या आईवडिलांनाही वाटते, आपल्या सहा वर्षांच्या मुलीला टेनिसला घालावे. जरूर घालावे. मात्र गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, तशी रॅकेट ‘दोन-तीन वर्षे पुरेल’ म्हणून मोठी घेतली जाते, तिथे गडबड होते.

मोठ्यांची रॅकेट २७ इंची असते. सहा-सात वर्षांच्या मुलांना साधारण २१ ते २३ इंची पुरते. चेंडूचेही तसेच. नेहमीचा पिवळा चेंडू टप्पा घेऊन लहान मुलाच्या डोक्याएवढा उसळतो. मग ते हात खांद्याच्या वर नेऊन, मनगट वाकवून कसेबसे मारते. त्यापेक्षा लाल चेंडू ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के मंद असतो. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही, हा आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम २०१२ पासून आहे. जुना, हवा गेलेला पिवळा चेंडू म्हणजे लाल चेंडू नव्हे. आपल्या तालमीतले वस्तादही लहान पोराच्या हाती पहिल्याच दिवशी मोठ्या पैलवानाची करेल देत नाहीत.

या काळजीचे कारण हाडांत आहे. वाढत्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. स्नायूंचे कंडरे जिथे हाडाला चिकटतात, तिथेही ती असते आणि मुलांमध्ये कंडऱ्यापेक्षा तीच आधी दुखावते. मोठ्यांचा ‘टेनिस एल्बो’ कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतो. मुलांचे कोपर वारंवार सर्व्हिस करून बहुधा आतल्या बाजूला दुखते. टाच आणि गुडघ्याखालचा उंचवटाही धावून, उड्या मारून दुखू लागतो. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत हे जास्त. ‘वाढीचे दुखणे आहे, जाईल’ म्हणून तेल चोळत बसू नये. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारे दुखणे, सूज, लंगडणे किंवा हात पूर्ण सरळ न होणे, यांपैकी काही दिसले तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. गोळी देऊन सामना खेळवणे तर अजिबात नको.

किती खेळावे? आठवड्यातले शिस्तीच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला आठ तास, तेही सगळे खेळ मिळून. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. बारा-तेरा वर्षांपर्यंत खो-खो, पोहणे, लंगडीही चालू राहू द्यावी. त्याने वेगवेगळे स्नायू तयार होतात आणि कंटाळाही येत नाही.

लाल चेंडूचे कोर्ट जेमतेम ११ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद असते आणि जाळी ८० सेंटिमीटर उंच. शाळेच्या पटांगणात फक्कीने ते आखता येते, जाळीच्या जागी दोरी बांधली तरी चालते. सुरुवातीच्या दोन वर्षांसाठी रोज कोल्हापूरला हेलपाटे घालण्याची गरज नाही.