शेवटच्या नळाचे पाणी तपासा

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू होते, आणि त्याच महिन्यांत जुलाब-उलट्यांची लेकरे दवाखान्यात वाढतात. आया म्हणतात, 'बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.' असेलही. पण आधी नळाकडे पाहा.

वडप्यासारख्या नाशिक महामार्गालगतच्या गावांत गोदामे आली, भाड्याच्या खोल्या वाढल्या, नळजोडण्याही वाढल्या. अशा वस्त्यांत पाइप कित्येकदा गटारातूनच जातो. पाणी चालू असताना आतल्या दाबाने ते फटीतून बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब संपतो आणि त्याच फटीतून गटार आत शिरते. नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून टाकीत टीसीएल पावडर नीट टाकूनही शेवटच्या घरात घाण पाणी येऊ शकते. आणि शेवटची घरे बहुधा कोणाची, हे आपल्याला सांगायला नको.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचे किट असते. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे. रंग नाही, तर क्लोरिन नाही. टाकीजवळच्या चाचणीवर समाधान मानू नका, आपल्या वस्तीच्या शेवटच्या नळावर करायला लावा. वाचनाला सगळे जमतात त्या दिवशीच त्याला बोलवा. आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि नंतर पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. आपल्या गावाला कोणते मिळाले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर मिळवलेल्या हक्कात हा प्रश्नही येतो.

तोवर पिण्याचे पाणी उकळा. फडक्याने गाळून गाळ जातो, जंतू जात नाहीत. नळाचे पहिले पाणी धुण्याला घ्या. माठात हात बुडवू नका, दांड्याचे ओगराळे ठेवा.

जुलाब लागलेच तर ओआरएस. इथे एक चूक मी फार पाहिली: एक लिटरचे पाकीट ग्लासभर पाण्यात कालवतात. त्याने मीठ जास्त होते, बाळाला अपाय होतो. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर, चमच्याचमच्याने. २४ तासांनी उरलेले फेकून द्या. अंगावरचे दूध बंद करू नका. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना रोटाव्हायरसचा डोस सरकारी केंद्रात मोफत मिळतो. तो चुकवू नका.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, बाळ पाणीही पिईना, शौचातून रक्त पडले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.