भूगर्भातील कोळसा आणि हाती येणारा कोळसा

खनिजापासून लोखंड गाळण्यासाठी झोतभट्टीत कोक लागतो. हवेचा संपर्क होऊ न देता तापविले असता काही जातींचा कोळसा प्रथम मऊ होतो, फुगतो आणि शेवटी कठीण व सच्छिद्र असा एकजीव पदार्थ बनतो. हाच कोक होय. सर्वच कोळशांच्या अंगी हा गुण नसतो. म्हणून कोकयोग्य कोळशाचा साठा किती आहे, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेच्या पश्चिम व्हर्जिनिया राज्यात मॅकडॉवेल ही डोंगराळ काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग, आहे. राख व गंधक कमी असल्यामुळे तेथील ‘पोकॅहाँटस क्रमांक ३’ हा थर कोकसाठी प्रसिद्ध झाला. अशा थरातील साठ्याचा अंदाज कसा बांधतात? डोंगरउतारावर थर उघडा पडला असेल तेथे, तसेच विंधनछिद्रांत आणि खाणींत त्याची जाडी मोजतात. मोजणीच्या स्थळापासून पाव मैलापर्यंतचा साठा ‘मापित’, तेथून पाऊण मैलापर्यंतचा ‘दर्शित’ आणि त्यापुढे तीन मैलांपर्यंतचा ‘अनुमानित’, अशी वर्गवारी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने घालून दिली आहे. अंतर वाढते तसतसा अंदाजाचा भरवसा कमी होतो.

यापुढील गणित सोपे आहे. एक एकर क्षेत्रात एक फूट जाडीचा बिटुमिनी कोळसा सुमारे १,८०० टन भरतो. हा टन २,००० पौंडांचा असतो. समजा, १०० एकरांत ५ फूट जाडीचा थर आहे. तेव्हा भूगर्भात ९,००,००० टन कोळसा झाला. परंतु छत कोसळू नये म्हणून खाणीत कोळशाचेच खांब उभे ठेवावे लागतात. वस्तीखालील व जुन्या खाणींलगतचा भागही सोडावा लागतो. यामुळे निम्माच कोळसा निघाला, तर ४,५०,००० टन उरतो. धुऊन दगडमाती काढताना त्याचा पाचवा हिस्सा गेला, तर कोकभट्टीपर्यंत ३,६०,००० टनच पोहोचतो.

मूळ आकड्यावर विसंबून पोलाद कारखाना उभारला, तर त्याच्या भट्ट्या अपेक्षेपूर्वीच थंड पडतील. आपल्या देशालाही हा विचार लागू पडतो. भारतातील उच्च प्रतीचा कोकयोग्य कोळसा प्रामुख्याने झारखंडातील झरिया क्षेत्रात आहे. तेथे १९१६ साली भूमिगत आग प्रथम आढळली. आगीत जळणारा आणि दाट वस्तीखाली अडकलेला कोळसा नकाशावर दिसतो. परंतु तो हाती येईलच असे नाही. म्हणून साठ्याचा आकडा वाचताना तो भूगर्भातील कोळशाचा आहे की काढता येण्याजोग्या कोळशाचा, हे प्रथम पाहिले पाहिजे.