मागणीची पोच

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती ३०० होते, म्हणजे वर्षाचे २५०० पुरे होतात. कागदोपत्री हा व्यवसाय कर. लोकांच्या तोंडी प्रोफेशन टॅक्स. १९७५ साली तो सुरू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला, हे कापून घेणाऱ्यांपैकी आणि कापला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले होते.

धोरण शिकवताना उद्दिष्ट, तरतूद आणि लाभार्थी यांच्यावर खूप बोलले जाते. ते अमलात कसे येते हे शिकायचे असेल, तर रोजगार हमीचे नियम बारकाईने वाचावेत असे मला वाटते. भाषणात न सुटणारे प्रश्न तिथे हजेरीपत्रक, किलोमीटर आणि मातीचे मोजमाप यांत सोडवलेले दिसतात. ती जिथे अडली ती जागाही अशीच साधी आहे.

योजनेचे जनक वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली तासगाव तालुक्यात, त्यांच्या विसापूरच्या परिसरात, या कल्पनेचा छोटा प्रयोग झाला. मागेल त्याला काम, ही ती कल्पना. पुढे १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली आणि लगेच दुष्काळाने गाठले. सलग तिसरे वाईट वर्ष होते. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणारे हात, सुकडी आणि मिलो यांच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. अभ्यासकाच्या दृष्टीने त्या वर्षात आणखी एक गोष्ट घडली. तहसीलदारापासून मुकादमापर्यंत सगळ्या यंत्रणेला प्रचंड संख्येने माणसे कामावर घेण्याचा, मोजमापे करण्याचा आणि मजुरी वाटण्याचा सराव झाला. कायदा त्यानंतर आला. तो १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आधी कायदा करून मग यंत्रणा शोधत बसण्याची आपली नेहमीची रीत पाहता हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

आता प्रश्न असा, की गरीब कोण हे ठरवायचे कुणी? बहुतेक योजनांत याचे उत्तर यादी असते, आणि यादी म्हटली की गावात कुणाचे नाव कसे शिरले याच्या कथा आल्याच. रोजगार हमीने यादीच ठेवली नाही. काम अंगमेहनतीचे, मजुरी बेताची. ज्याला यायचे त्याने यावे. ज्याच्या घरात दुसरी सोय आहे तो उन्हात माती उचलायला सहसा येणार नाही, एवढ्या एका गृहीतावर निवड सोपवली. बायका मोठ्या संख्येने आल्या, कारण काम गावाजवळ होते आणि मजुरी बाईपुरुष न पाहता कामाच्या मोजमापावर होती.

मोजमापाची गंमत थोडी सविस्तर सांगायला हवी. मजूर टोळीने काम करतात. खोदताना मध्ये मातीचा एक उंचवटा तसाच सोडतात, म्हणजे मूळ जमिनीची पातळी कुठे होती ते नंतर दिसते. अभियंता येऊन लांबी, रुंदी, खोली मोजतो, माती मऊ की मुरमाड ते नोंदवतो, आणि दरपत्रकाप्रमाणे टोळीची मजुरी निघते. म्हणजे मजुराचे उत्पन्न त्याच्या कष्टावर जितके, तितकेच अभियंता कधी येतो आणि मुरमाला मुरूम म्हणतो की माती, यावर अवलंबून. 'आठवडाभर राबलो आणि इतकेच कसे?' या मजुरांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या मोजमाप पुस्तिकेतल्या एका शब्दात असते. दरपत्रकाचा तक्ता कामावर, मजुरांना वाचता येईल अशा जागी लावणे हा मला एखाद्या मोठ्या सुधारणेइतका महत्त्वाचा उपाय वाटतो.

१९८८ च्या मध्यास मजुरी जवळपास दुप्पट झाली, कारण ती किमान वेतनाच्या पातळीवर आणली गेली. मागणी वाढायला हवी होती. पण मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले ते असे, की त्यानंतर कामाला कात्री लागली. मागेल त्याला काम राहिले नाही. मजुरी वाढवणे चूक होते असा याचा अर्थ मी लावत नाही. किमान वेतनाखाली सरकारनेच राबवून घ्यावे हे कसे पटावे? पण दर वाढवताना निधीचे गणित मांडले नाही, तर हमी कुठून तरी गळणार. ती कुठून गळते?

ती अर्जाच्या तारखेतून गळते. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते द्यायचे, नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, हा कायद्याचा कणा. राज्याच्या कायद्यात हा भत्ता दिवसाला रुपया होता. पण १५ दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची? मजुराच्या हाती तारीख घातलेली पोच असेल तरच. कुणी 'काम देत नाही' असे म्हणत नाही. 'साहेब आले की या', 'अजून माणसे जमवा', 'आधी काम मंजूर होऊ द्या', एवढेच म्हणतात. नवे काम काढायला किमान ५० मजूर हवेत अशी जुनी अट होती. दहा-बारा घरांच्या वस्तीला तिथेच उत्तर मिळून जाई. अर्ज घेतलाच नाही तर उशीरही होत नाही आणि भत्ताही लागत नाही.

२००५ च्या राष्ट्रीय कायद्याने महाराष्ट्राच्या या अनुभवातून खूप काही उचलले. तारखेची पोच देणे बंधनकारक केले. काम पाच किलोमीटरच्या आत, त्याबाहेर असल्यास १० टक्के जास्त मजुरी. भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे निम्मा. मात्र खर्चाची वाटणी अशी, की अकुशल मजुरी केंद्राने द्यायची आणि बेकारी भत्ता राज्याने. उद्देश चांगला होता: काम दिले नाही तर राज्याला भुर्दंड पडावा. प्रत्यक्षात भुर्दंड टाळायचा सोपा मार्ग काम देणे हा नव्हता. पोच न देणे हा होता.

तुलनेसाठी १९९० ची फळबाग लागवड योजना पाहा. रोजगार हमीच्या पैशातून शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात आंबा, बोर, डाळिंब लावायचे आणि अनुदान तीन वर्षांत हप्त्यांनी द्यायचे; पुढचा हप्ता ठरावीक प्रमाणात झाडे जगली असतील तरच. इथे पुरावा जमिनीत उभा असतो. म्हणून ती योजना झपाट्याने पसरली. पण तिचा लाभ जमीन असणाऱ्याला. भूमिहीनाचा पुरावा फक्त तो कागद.

मजूर संघटना जिथे मजबूत आहेत तिथे बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तालुक्याला जायचे, अर्जांच्या दोन प्रती न्यायच्या आणि दुसरीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय उठायचे नाही, ही पद्धत रुळली. मागणी संगणकावर गेल्यावर नवी अडचण आली. काम निघायचे ठरले की मागणीची नोंद त्याच सुमारास केली जाते, त्यामुळे पडद्यावर मागणी आणि काम यांत उशीर दिसतच नाही. एखाद्या गावात या योजनेचा अभ्यास करायचा असेल, तर आधी मजुरांना विचारावे की काम मागायला पहिल्यांदा कधी गेला होतात. तारीख त्यांना आठवत नसते, पण ती पोळ्याच्या आधीची की नंतरची, हे बहुतेकांना सांगता येते. मग संगणकातली तारीख काढून शेजारी लिहावी.