गडाच्या पायऱ्या आणि मनगटावरचा आकडा

पावले मोजणारे यंत्र किती बरोबर मोजते, हे सपाट रस्त्यावर फारसे कळत नाही. हात मोकळे सोडून भरभर चालणाऱ्या धडधाकट माणसाची पावले बहुतेक घड्याळे बऱ्यापैकी नीट मोजतात. खरी परीक्षा चढावर होते आणि त्यासाठी रामटेकच्या गडासारखी जागा नाही. अंबाळा तलावाकडून पायऱ्या चढायला लागा आणि बरोबर चढणाऱ्यांचे हात पाहत चला. कोणाच्या हातात काठी असते, कोणाच्या पूजेचे ताट, कोणाच्या कडेवर मूल. वानरांच्या धाकाने पिशवी पोटाशी धरलेली माणसे तर जागोजागी दिसतात. हात झुलवत चालणारा एखादाच. मनगटावरच्या घड्याळाला मात्र पाऊल कळते ते मुख्यतः हाताच्या हालचालीवरून.

माझी आत्या रामटेकलाच राहते. गुडघे दुखतात, तरी गडावर जाणे तिने सोडलेले नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून तिच्या मुलाने तिला घड्याळ घेऊन दिले. ती चढते ती काठी टेकत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणून, दर दहा-पंधरा पायऱ्यांनी थांबून. म्हणजे इतरांचे जिथे एक पाऊल पडते तिथे तिची दोन पडतात. वरच्या दरवाजाशी पोचल्यावर तिने मनगट माझ्यापुढे धरले. जेवढ्या पायऱ्या चढलो त्यांच्या निम्मीसुद्धा पावले त्यात नव्हती.

"काहून व पोरी, मी का उडत आली का वर?" तिने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर तिला द्यायचे म्हणून मी त्या यंत्राच्या मागे लागले.

आजच्या घड्याळात आणि मोबाइलमध्ये त्वरणमापक नावाची इवलीशी चिप असते. तिच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. आपण हललो की तो सरकतो आणि त्याच्या सरकण्यातून वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी अशा तिन्ही दिशांचे हिसके नोंदले जातात. बेताने भरभर चालणारा माणूस मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावले टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. त्या चालीची लाट नियमित आणि टोकदार असते. यंत्रातला हिशेब ही टोके शोधतो. ठरावीक उंचीच्या वर गेलेले आणि ठरावीक अंतराने आलेले टोक म्हणजे एक पाऊल. चाल मंदावली की टोके बुटकी होतात, अंतरे अनियमित होतात आणि पाऊल हिशेबातून गळते. ताशी सुमारे ३ किलोमीटरच्या खाली वेग गेला की कमरेला लावायची जुनी यंत्रेसुद्धा पावले खाऊ लागतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. गुडघेदुखीचा माणूस पायऱ्या चढतो तो याहून कितीतरी हळू.

त्यात आणखी एक अडचण असते. बसल्या जागी कूस बदलली, पदर सावरला, एवढ्यावर पाऊल धरले जाऊ नये म्हणून पुष्कळ यंत्रे सुरुवातीची काही पावले राखून ठेवतात. सलग काही सेकंद चाल दिसली तरच ती पावले जमा होतात. सलग चालणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण जो दहा पायऱ्या चढून थांबतो, पुन्हा दहा चढतो, पुन्हा थांबतो, त्याची दर खेपेची सुरुवात बुडू शकते. आत्याची पावले अशीच गेली होती. थोडी मंद चालीत, थोडी थांबण्यात, आणि बाकीची काठी धरलेल्या त्या हातात.

उतरताना चित्र बदलते. पाय खालच्या पायरीवर जोराने पडतो, हिसका तीक्ष्ण बसतो आणि मोजणी सुधारते. त्याच पायऱ्या, तोच माणूस, तेच घड्याळ. चढताना एक आकडा आणि उतरताना दुसरा. उलट गंमत मंदिरात. भजनाला टाळ्या वाजवत बसलेल्या बायकांपैकी एकीच्या हातात घड्याळ होते. बसल्या जागी तिची पावले वाढत होती. धुणे घासताना आणि कणीक तिंबतानाही हेच होऊ शकते. म्हणजे चालणे बुडते आणि न चाललेले जमा होते, आणि दिवसअखेर दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात दिसते. तो आकडा योगायोगाने बरोबर निघाला तरी त्याच्यावर भरवसा ठेवायचे कारण नाही.

तपासायची रीत सोपी आहे. दहा चिंचोके घ्यावेत. यंत्रावरचा आकडा लिहून ठेवावा. मग आपल्या नेहमीच्या चालीने चालत, तोंडाने मोजत, दर दहा पावलांना एक चिंचोका एका हातातून दुसऱ्या हातात द्यावा. मोजणारा आणि चालणारा वेगळा असेल तर फार उत्तम, कारण मोजायला लागले की माणूस नकळत कवायत केल्यासारखा चालतो. शंभर झाले की थांबावे, काही सेकंद जाऊ द्यावेत, कारण काही यंत्रांचा आकडा मागाहून सरकतो, आणि मगच पाहावे. जपानच्या औद्योगिक मानकात शंभर पावलांमागे तीनपर्यंतची चूक चालते. संशोधक घाईच्या वेळी वीस पावलांची चाचणी घेतात आणि एका पावलाचा फरक मान्य करतात. पण चाचणी एकदा सपाटीवर, एकदा चढावर आणि एकदा उतारावर घ्यावी. आणि चालताना जे हातात असते ते हातात धरूनच घ्यावी. काठी असेल तर काठी, पिशवी असेल तर पिशवी.

आत्याच्या घड्याळाची अशी चाचणी आम्ही घेतली. अंगणात, काठीशिवाय, ते जवळजवळ बरोबर होते. काठी हातात आली की घसरले. घड्याळ दुसऱ्या मनगटावर बांधून पाहिले, ॲपमध्ये हात बदलल्याची नोंद केली. थोडे सुधारले, पण तो हात पिशवीत अडकला की पुन्हा तेच.

मग कमरेचा विचार. पावले मोजायची मूळची जागा कंबरच. तिथे हाताच्या चाळ्यांचा उपद्रव नसतो. पॅन्ट आणि पट्टा वापरणाऱ्याला ते सोपे. साडी नेसणाऱ्या बाईने काय करायचे, हे ही यंत्रे बनवणाऱ्यांच्या मनातही आले नसावे. आम्ही चिमटा लावायचे एक साधे यंत्र परकराच्या नाडीला लावून पाहिले. नाडी सैल, पोट पुढे, त्यामुळे यंत्र पुढे कलंडते. ज्या जुन्या धाटणीच्या यंत्रात स्प्रिंगवर टांगलेली दांडी वर-खाली होऊन पाऊल नोंदते, ते उभेच्या उभे असावे लागते. कलले की दांडी अडखळते. स्थूल माणसांची पावले अशी यंत्रे कमी मोजतात, त्याचे कारण हेच. यावर दोन उपाय आहेत. यंत्र पोटावरून बाजूला, मांडीच्या मध्यरेषेच्या वर किंवा थेट कुशीवर सरकवावे. नाहीतर मोबाइल बटव्यात घालून तो कमरेला घट्ट खोचावा. मोबाइलमधला त्वरणमापक तिन्ही दिशा पाहत असल्याने त्याला कलण्याचे वावडे नसते. खांद्याच्या पिशवीत लोंबकळणारा मोबाइल मात्र भरवशाचा नाही. पिशवीचा झोका निराळा आणि पावलाचा ठेका निराळा.

शेवटी घड्याळ घोट्यावर बांधले. माणूस कितीही सावकाश चालला तरी पाय उचलावाच लागतो, आणि ते उचलणे घोट्यावर स्पष्ट कळते. मंद चालणाऱ्या वृद्धांच्या अभ्यासांतही घोट्यावरची मोजणी सरस ठरली आहे. नाडीच्या ठोक्यांचा आकडा तिथे धरू नये, पण आत्याला पावलेच हवी होती. साडीच्या काठाखाली ते दिसतही नाही. पुढच्या खेपेला अंबाळ्याकडून चढताना मी मोजत गेले. फरक शंभराला दोन-तीनच्या आत होता.

अंतराचा आकडा ही आणखी निराळी भानगड. असे यंत्र सहसा थेट किलोमीटर मोजत नाही. पावलांची संख्या घेते आणि तुमच्या उंचीवरून धरलेल्या पावलाच्या लांबीने गुणते. सपाटीवर पाऊल सत्तर सेंटिमीटरच्या आसपास पडत असेल, पण पायरीवर ते पायरीच्या रुंदीएवढेच पडणार. त्यामुळे गड चढून आल्यावर घड्याळाने सांगितलेले किलोमीटर फुगलेले असतात. श्रम मात्र त्या आकड्याहून अधिक झालेले असतात. ज्या मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजायची सोय आहे, तो साधारण ३ मीटर चढ म्हणजे एक मजला असा हिशेब ठेवतो. गडासाठी तो आकडा पाहावा. सपाटीवरच्या पावलाची लांबी हवी असेल तर टेपने मोजलेल्या अंतरात किती पावले पडली ते मोजून भागाकार करावा आणि तीच यंत्रात भरावी.

मोजण्याआधी मोजायचे साधन तपासायचे, ही शिस्त आपल्या विदर्भाने दोनशे वर्षांपूर्वी पाहिली आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले, कामावर असतानाच. पायारेषा मोजायची त्यांची शंभर फुटांची पोलादी साखळी होती आणि ताडून पाहायला दुसरी साखळी जपून ठेवलेली असे. उन्हाने साखळी किती लांबली याचाही हिशेब होई. पुढे त्याच सर्वेक्षणाच्या नैनसिंग रावत यांनी १८६५-६६ मध्ये तिबेटात ल्हासापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. चढ असो वा उतार, पाऊल सारखेच पडावे असा सराव त्यांच्याकडून करून घेतला होता. मैलाला सुमारे दोन हजार पावले. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि शंभर पावलांना एक मणी सरकायचा. माळेचा एक फेर म्हणजे दहा हजार पावले.

तोच आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये पुन्हा आला. टोकियो ऑलिंपिकनंतर यामासा कंपनीने कमरेला लावायचे यंत्र विकायला काढले आणि दहा हजार पावलांचे लक्ष्य लोकांपुढे ठेवले. ते विक्रीचे लक्ष्य होते, वैद्यकीय संशोधनातून निघालेले नव्हते. २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. सुमारे ७,५०० पावलांपर्यंत ते आणखी घटत गेले आणि पुढे स्थिरावले. या स्त्रियांनी यंत्र कमरेला बांधले होते, हे इथे महत्त्वाचे. काठी धरलेल्या मनगटावरचा आकडा या आकड्यांशी लावून पाहणे चुकीचे आहे.

मला यात सर्वांत जास्त खटकते ते हे. यंत्र चुकते ते तरण्याताठ्या माणसाच्या बाबतीत कमी आणि म्हाताऱ्या, आजारी, लंगडणाऱ्या माणसाच्या बाबतीत जास्त. ज्याला एकेक पाऊल कष्टाने टाकावे लागते, त्याचेच पाऊल जमेस धरले जात नाही. आत्याने घड्याळ पेटीत टाकायची तयारी केली होती. "पाय दुखून राहिले अन् हे म्हणते चाललीच नाही," असे ती शेजारणीला सांगत होती. चालणे सोडायलाही माणसाला एवढे कारण पुरते.

म्हणून आईवडिलांना असे घड्याळ पाठवणाऱ्या मुलामुलींना सांगणे आहे. सुट्टीत घरी याल तेव्हा त्यांच्याबरोबर, त्यांच्या वेगाने, त्यांच्या नेहमीच्या वाटेने चाला आणि शंभर पावले तोंडाने मोजा. तीनपेक्षा जास्त चुकत असतील तर यंत्राची जागा बदला: दुसरे मनगट, कंबर, घोटा. कुठेच जमत नसेल तर पावलांचा नाद सोडा आणि त्यांना साध्या घड्याळावर चालण्याची मिनिटे मोजायला सांगा. मिनिटे मोजायला काठी आड येत नाही.