आपले नाव काय?

आमचे एक स्नेही आहेत. राहायला शीवला, आणि नोकरी परळच्या एका कचेरीत हिशेबनिसाची. काही वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही दोघे एकाच बसमध्ये शेजारी बसलो होतो. कंडक्टर जवळ आला, तसे स्नेह्यांनी पैसे पुढे केले आणि म्हणाले, "लालबाग." मला वाटले, आज पुढे काही काम असेल. पण गृहस्थ नेहमीप्रमाणे परळलाच उतरले!

पुढे घरोबा वाढल्यावर मी त्यांना याचे कारण विचारले. ते हसले. म्हणाले, "अहो, माझा 'प' निघत नाही. मागची माणसे खोळंबतात, कंडक्टर तोंडाकडे पाहत राहतो. 'ल' मात्र निघतो. म्हणून बावीस वर्षे मी लालबागचे तिकीट काढून परळला उतरतो."

हे वाक्य बोलायला त्यांना बराच वेळ लागला. ते कसे अडखळले, हे मी येथे लिहून दाखवीत नाही. अडखळणे कागदावर उतरवले की वाचणारा शब्द सोडून अडखळणेच वाचू लागतो. ऐकणाऱ्याचेही नेमके तसेच होते, आणि स्नेह्यांची तक्रार तीच आहे.

आपल्या भाषेचेच पाहा ना. चोरी पकडली गेली की माणूस 'त त प प' करतो. भीतीने 'बोबडी वळते'. म्हणजे जो अडखळला तो एक तर खोटे बोलतो आहे किंवा घाबरला आहे, असा निकाल आपण म्हणींतूनच देऊन टाकलेला. त्यातून बोबडे आणि तोतरे यांतला फरकही आपण करीत नाही. बोबड्याचा उच्चार वेगळा असतो. तोतऱ्याचा उच्चार स्वच्छ असतो, पण तो वेळेवर सुटत नाही. नाटक-सिनेमात तर तोतरे पात्र आले की प्रेक्षक आधीच हसायला बसलेला असतो.

ज्याच्यावर हे गुदरते त्याला विचारले, तर तो निराळेच सांगतो. स्नेही म्हणाले, "तुम्हाला वाटते, मला शब्द आठवत नाही. शब्द तर जिभेच्या टोकावर उभा असतो. पण दाराला आतून कडी लागावी आणि ती आपल्यालाच काढता येऊ नये, तसे होते. चार शब्द अलीकडूनच मला कळते, की पुढे ते दार आहे."

शास्त्रज्ञ या प्रकाराचे तीन भेद सांगतात. एकच अक्षर पुनःपुन्हा येणे, अक्षर लांबत जाणे, आणि आवाजच बंद पडणे. पहिले दोन आपल्याला ऐकू येतात. तिसऱ्यात ऐकण्यासारखे काहीच नसते, आणि पुष्कळांना तोच सर्वांत जाचक वाटतो.

स्वतः तोतरे असलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहन यांनी या व्याधीला हिमनगाची उपमा दिली. पाण्यावर दिसते ते अडखळणे. पाण्याखाली असते ती लाज, धास्ती आणि लपवाछपवी. हा खालचा भाग केवढा असतो, ते स्नेह्यांकडून ऐकावे. शाळेत हजेरीच्या वेळी 'हजर' निघेना, म्हणून ते नुसता हात वर करीत. गुरुजींचे लक्ष नसले तर गैरहजेरी लागे. दुकानात जी वस्तू सांगता येई तीच घरी येई. 'पाणी' म्हणायचे नाही म्हणून तहान सोसायची. मनात शब्दांचा एक कोशच तयार असतो. एक शब्द अडला की दुसरा पुढे करायचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, माणूस मितभाषी आहे.

पण नावाला दुसरा शब्द नसतो! बहुतेक तोतऱ्यांना स्वतःचे नाव सांगणेच सर्वांत अवघड जाते. स्नेह्यांचे नाव 'प'वरूनच. एका मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "आपले नाव काय?" ते अडखळले, तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, "काय हो, नाव विसरलात?" सगळे हसले. त्यांना शिक्षक व्हायचे होते. त्या दिवसानंतर त्यांनी शाळांकडे अर्ज केला नाही. आकड्यांना तोंड लागत नाही, म्हणून खतावणी पत्करली.

याचे मूळ काय? पूर्वीच्या लोकांनी सगळा दोष जिभेला दिला. ग्रीक वक्ता डिमॉस्थिनीस तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करी, अशी कथा आहे. आपल्याकडे मधात वेखंड उगाळले, अक्कलकारा चाटवला. 1841 साली बर्लिनचे शस्त्रवैद्य डीफेनबाख यांनी तर तोतऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी सुरी चालवली, तीही भूल देण्याची सोय नसताना! बिचाऱ्या जिभेचा यात काहीच अपराध नव्हता.

पुढे दोष मनाकडे गेला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन हे स्वतः तोतरे. आईबापांनी मुलाच्या साध्या अडखळण्याला नावे ठेवली की त्यातून तोतरेपणा जन्मतो, असे त्यांचे मत होते. 1939 मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली 22 अनाथ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना 'तुम्ही अडखळता' असे सांगण्यात आले. ती मुले तोतरी झाली नाहीत. पण बोलायलाच भिऊ लागली. या प्रयोगाबद्दल विद्यापीठाने 2001 मध्ये क्षमा मागितली. भीतीने तोतरेपणा आला नाही, आले ते मौन.

आजचे शास्त्र सांगते, की वाणीची वेळ जुळवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत हा फरक असतो आणि तो पुष्कळदा घराण्यातून येतो. 2010 मध्ये संशोधकांनी त्याच्याशी निगडित काही जनुकेही दाखवून दिली. म्हणजे म्हणीने क्रम उलटा लावला होता. माणूस भितो म्हणून तोतरा होत नाही. लहानपणापासून अडखळत आल्यामुळे, आणि त्यावर हसणे ऐकत आल्यामुळे, तो भिऊ लागतो. एकदा भ्याला की अडखळणे अधिकच वाढते, हेही खरे.

गंमत अशी, की हेच स्नेही गणपतीत आरती म्हणताना कोठेही अडत नाहीत. गाण्यात आणि चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणे बहुधा नाहीसे होते. लग्नात त्यांना 'नाव घ्या' म्हणून गळ पडली, तेव्हा घाम फुटला होता. पण उखाण्याच्या तालावर बायकोचे नाव बिनबोभाट निघून गेले. "तिचे नाव आले हो," ते म्हणतात, "माझे मात्र अजून अडते!"

लहानपणी शंभरांतली सुमारे पाच मुले केव्हा ना केव्हा अशी अडखळतात. त्यांतली बहुतेक आपोआप सुधारतात, आणि मोठेपणी शंभरांत एखादाच उरतो. मुलगा काही महिने अडखळत राहिला, तर वेखंड शोधण्यापेक्षा वाचाउपचारतज्ज्ञाकडे जावे. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून वाचा आणि श्रवण यांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मोठेपणी समूळ बरे करणारे औषध नाही. पण न लपवता, कमी कष्टाने बोलायला शिकता येते.

आणि आपण काय करावे? त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. 'सावकाश बोल, श्वास घे' हा उपदेश त्याने जन्मभर ऐकलेला असतो. नजर चुकवू नये, आणि थांबावे. एवढेच.

स्नेही निवृत्त झाले तेव्हा समारंभ होता. कोणीतरी त्यांच्या वतीने बोलायला उठले, तर यांनी हाताने त्यांना खाली बसवले आणि स्वतःचे नाव सांगायला सुरुवात केली. फार तर दहा सेकंद लागले असतील. कोणी मदतीला धावले नाही. नाव निघाले, आणि मग त्यांनी लालबागच्या तिकिटाची हकीकत सांगून सगळ्यांना हसवले.

मध्यंतरी आम्ही पुन्हा त्याच बसने निघालो होतो. कंडक्टर आला. स्नेह्यांनी 'प' धरला. मी खिडकीबाहेर पाहणार होतो, पण पाहिले नाही. कंडक्टरही थांबून राहिला. बस काही थांबली नाही. पण परळ यायच्या पुष्कळ आधी 'परळ' निघाले.