सुरुंग आधी संगणकात फोडा

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून आमगाव, सालेकसा ओलांडून दरेकशाकडे निघालं, की पायाखाली देशातले फार जुने कातळ असतात. आमगावचा नाइस, बिजली रायोलाइट, पुढे डोंगरगड ग्रॅनाइट. यांतल्या बऱ्याच खडकांचं वय अडीच अब्ज वर्षांच्या आसपास. दरेकसा आणि बोरतलाव यांच्या दरम्यान हावडा-मुंबई लोहमार्ग बोगद्यातून जातो. असा कातळ पोखरायला आजही सुरुंगच लावतात, पण आता तो आधी संगणकात उडवून पाहता येतो.

उघड्या खाणीत दगडाला वर आणि समोर सुटायला जागा असते. बोगद्यात फक्त समोरचा दर्शनी भाग मोकळा. म्हणून मधोमध काही मोठी छिद्रं रिकामी ठेवतात. त्यांच्या लगतची भरलेली छिद्रं आधी उडतात, पोकळी होते आणि ठरलेल्या विलंबाने एकेक वलय तिच्यात ढासळतं. कडेच्या छिद्रांत दारू बेताची, कारण उरणारी भिंत शाबूत राहायला हवी.

हा क्रम तपासण्यासाठी अभियंते कातळाचे लाखो सूक्ष्म घटक कल्पितात. प्रत्येकाला घनता, ताठरपणा आणि ताकद देतात. स्फोटानंतर वायू पसरताना दाब कसा उतरतो, ते जोन्स-विल्किन्स-ली समीकरण सांगतं. मग गणित मायक्रोसेकंदांच्या पावलांनी पुढे सरकतं. कातळ दाब भरपूर सोसतो. ताण मात्र साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. दाबाची लहर मोकळ्या पृष्ठभागावरून परतते ती ताण घेऊन, आणि दगड तिथे तडकतो. धूर-धुळीत कुणालाच न दिसणारी ही घटना पडद्यावर टप्प्याटप्प्याने पाहता येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण नाइसमध्ये पट्टे असतात, सांधे असतात, भेगांत पाणी असतं. कातळ एकसंध मानला, तर उत्तर सुबक येतं आणि चुकतं. त्यामुळे चाचणी स्फोट घेऊन कंपनमापकाच्या नोंदींशी ताडून न पाहिलेल्या मॉडेलवर विसंबू नये.

जमिनीचं कंपन मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: अंतर आणि एका विलंबात उडणारी दारू. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकानुसार, खाणीलगतच्या इतरांच्या साध्या घरांपाशी 8 हर्ट्झखालच्या कंपनाचा वेग सेकंदाला 5 मिलिमीटरपलीकडे जाऊ नये. तुमच्या गावाजवळ सुरुंगकाम चालू असेल, तर ग्रामसभेत या नोंदी मागा: कंपनाचा वेग, वारंवारता, अंतर आणि दारूचं वजन.