परतीच्या पावसाची तारीख

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती पिकते काळ्या रानाने धरून ठेवलेल्या ओलीवर. तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. त्यामुळे परतीचा पाऊस कधी पडतो आणि वाफसा कधी येतो, यावर रब्बीची पेरणी ठरते. अंदाज चुकला की हवामान खात्याला नावे ठेवली जातात. माझ्या मते हा राग बराचसा अस्थानी आहे. खात्याकडून महिनाभर आधी तारीख मागायची, हीच मुळात चूक.

हवा प्रवाही आहे आणि तिच्या गतीची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. अडचण अशी की, वारा उष्णता आणि बाष्पाबरोबर स्वतःचा वेगही पुढे वाहून नेतो. म्हणून समीकरणात वेगाचा गुणाकार वेगाच्याच बदलाशी होतो, आणि सुरुवातीच्या मोजमापातली बारीक चूक पटीपटीने वाढू शकते. 1961 मध्ये अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी आधीचेच गणित पुन्हा चालवताना संगणकाला 0.506127 ऐवजी 0.506 एवढाच आकडा दिला. गणितातले काही महिने उलटेपर्यंत दोन्ही हवामानांत काही साम्य उरले नाही. 1963 च्या निबंधात त्यांनी हाच स्वभाव अवघ्या तीन समीकरणांत दाखवला. त्यात दैवाला कुठेही जागा नाही, तरीही दूरचे भाकीत हुकते.

मग मोठा संगणक आणला तर? उपयोग होतोच. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेत घडलेली आणि 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम 6 किलोमीटरच्या चौकटीने हवा पाहते. आधीची चौकट 12 किलोमीटरची होती. पण गडगडाटी ढग कधी त्या चौकटीएवढाच असतो, आणि जितकी हालचाल लहान तितकी तिच्यातली चूक लवकर फुगते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रोजचे हवामान साधारण पंधरा दिवसांपुढचे कळत नसेल, तर एप्रिलमध्येच ‘यंदा मान्सून सरासरीपेक्षा कमी’ असे कसे सांगतात? चार्नी आणि जगदीश शुक्ल या हवामानशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये याचे उत्तर दिले. उष्ण कटिबंधातल्या हंगामी पावसावर समुद्राच्या तापमानाचा पगडा असतो आणि समुद्र सावकाश बदलतो. म्हणून हंगामाचा कल सांगता येतो, मंगळवेढ्यातल्या पावसाचा दिवस नाही. कलही कधी फसतो, 2002 चा दुष्काळ त्याला साक्ष आहे.

यावरचा प्रामाणिक उपाय म्हणजे सुरुवात किंचित बदलून तेच गणित अनेकदा करणे. 2018 पासून आपल्याकडे अशा 21 गणितांचा संच चालवला जातो. त्यांतल्या 15 गणितांत पाऊस आला, तर शक्यता चांगली. तेव्हा महिनाभर आधी गावाची नेमकी तारीख सांगणाऱ्या मोबाइलवरच्या भाकितावर बियाणे टाकू नका. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला पाहा.